राखण

रविवारी सकाळी टेस्ट असते,
शनिवारी रात्रीच
माझे घोटे जागे होतात.
मग बोटं, मग मनगट.
पेनाचं टोपण दातांनी काढते.
रूममेट मसीरा न विचारता
माझी वेणी घालून देते.

तीन वर्षं झाली चिकनगुन्याला.
ताप आठवड्यात उतरला.
औरादहून लातूर, लातूरहून सोलापूर,
रक्ताचे कागद सगळे स्वच्छ.
एका डॉक्टरांनी विचारलं,
अभ्यास नको वाटतो का गं?
पप्पा तेव्हा खिडकीबाहेर
पाण्याच्या टँकरकडं बघत होते.

या खेपेला नवीन डॉक्टरबाई.
त्यांनी गुडघा दाबलाच नाही. विचारलं,
झोप किती लागते?
घरचा फोन आला की पहिला प्रश्न कोणता?
मग म्हणाल्या, दुखणं खरंय तुझं.
चोर कधीच गेला,
मेंदूनं राखण सोडली नाही.
त्यात ताण आला की
त्याला वाराही चोर वाटतो.

राखण म्हटल्यावर मला
बसवंतमामा दिसला.
रानडुकरांनी एका रात्रीत
उभी जवारी लोळवली,
त्या सालापासून मामा मचाणावर.
पान हललं की गोफण,
कुत्रं खोकलं की डबा.
काढणी झाली, कडब्याच्या गंजी लागल्या,
रानात नुसती धसकटं,
तरी डबा वाजायचा रात्रभर.
एकदा घरच्याच बैलाला दगड बसला.
गाव हसायचं.
मीही हसले होते.

मेंदूचा धडा मला पाठ आहे.
बदामाएवढी भीतीची गाठ,
तिला लागून आठवणींची जागा.
चारातला बरोबर गोल मी काळा करते
आणि हॉस्टेलच्या जिन्यात मध्येच थांबते,
वर चाललेले की खाली.
पेपरात हे कुणी विचारत नाही:
राखणदारच रान तुडवत असेल
तर रानानं काय करावं?

मामा कसा थांबला गं,
मी मम्मीला फोनवर विचारलं.
ती म्हणाली, रँक किती आली?
मग बराच वेळ काहीच नाही.
मग म्हणाली,
थांबला कुठं.
मामी जाऊन बसायची त्याच्यापाशी,
भुईमुगाच्या शेंगा फोडत.
वाजवू नका, असं नाही म्हणाली कधी.
एका ठोक्यापासून दुसरा
लांब लांब जात गेला, बास.

आणि मग,
दुखलालंय का गं?

हाव, मी म्हटलं.
पलीकडं भांडं पडल्याचा आवाज आला.
तिनं फोन ठेवला नाही.

आत्ता पावणेदोन.
मसीरा झोपलीय,
तिचा एक हात माझ्या कॉटवर आलाय.
घोट्यात डबा वाजतोय.
वाजू दे.
मी नुसती मोजतेय
पुढचा ठोका किती वेळानं येतो.