त्सियालाच्या खणात

नुगझारकाकाची डेलिका जपानहून आलेली.
स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून पुढच्या गाडीला मागे टाकताना
डावीकडे बसलेला मीच त्याचा डोळा.
"ये" म्हणालो की जातो.
"थांब" म्हणालो तरी बहुतेकदा जातो.

मागे हत्यारं,
आठ वर्षं एका जुन्या आंघोळीच्या टबात टाकलेली:
पाने, पकडी, कानशी, पंपाची रबरं.
ओनीच्या वरच्या वळणांवर
सगळं या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचं
आणि काका म्हणायचा, झोप लागत नाही बिचाऱ्यांना.

मग एका म्हातारीकडे बॉयलर उघडा, पाणी वाहतंय,
आणि आम्ही दोघं अंगणात, टबात कोपरापर्यंत,
चौदाचा पाना शोधतोय.
तेराचा तीनदा सापडला.
म्हातारीने शिवी दिली नाही,
नुसत्या बादल्या मोजत राहिली, मोठ्याने.
त्या रात्री काका टेप घेऊन गाडीत शिरला.

लाकूड विकत घ्यायचं नव्हतं.
वरच्या गावातली शाळा बंद पडली होती,
शेवटची दोन मुलं कुताइसीला गेली तेव्हा.
बाकं अंगणात रचलेली, चुलीसाठी न्या म्हणून.
चेस्टनटच्या फळ्या, वर्षानुवर्षं शाई प्यालेल्या.
मी पहिल्या हाताला लागल्या त्या उचलल्या.
काका ढिगाच्या तळाशी वाकून कितीतरी वेळ,
चांगलं लाकूड निवडतोय म्हणाला.

डेलिकात काटकोन नाही
हे गुण्या लावल्याशिवाय कळत नाही.
चाकाचा फुगवटा आडवा येतो, भिंती वर जाताना आत झुकतात,
तळ मागच्या दाराकडे उतरता.
काकाने पुठ्ठ्याचा साचा कापला, पुन्हा कापला,
चौथ्यांदा तो पुठ्ठा माझ्या डोक्यात मारला.
शेवटी सहा खण,
खाली लांब पायपांसाठी बोगदा
आणि वर एक फळी, तिच्यावर राजम्याची पोळी आणि थर्मास.

रंधा उचलला तेव्हा मीच म्हटलं, नावं जातील.
कर्कटकाने कोरलेली नावं, आमची गोलगोल अक्षरं,
काही तिरकी, काही खोल, काहींत अजून जांभळी शाई.
काका थांबला.
"राहू दे. लेबलांचा खर्च वाचला."

तेव्हापासून झुझुनात स्क्रू.
ओमारीत पकडी आणि तार.
लामारात वॉशर, टेप, आणि का कोण जाणे, एक चमचा.
गुरामचा खण फुगवट्यामुळे अर्धाच, त्यात कानशी.
गेलात छिन्न्या.
गेला पोर्तुगालला गेला, फरश्या बसवतो म्हणे.
छिन्न्या जागेवर आहेत.

फेब्रुवारीत आंब्रोलाउरीला, एका गल्लीत, गोठलेला पाइप.
दार उघडलं ती बाई पन्नाशीची, हाताला पीठ.
काका भिंतीशी पालथा पडलेला.
मी गाडीत डोकं घालून ओरडलो,
"चौदाचा त्सियालात आहे ना?"
ती बाहेर आली. "कशात?"

वाकली. पिठाचं बोट अक्षरांवरून फिरवलं,
कोरलेल्या खाचा पांढऱ्या झाल्या.
"हे माझं अक्षर नाही," म्हणाली,
"मी बाकावर कधी कोरलं नाही. मार बसायचा."
मग माझ्या खांद्यावरून
तिने भिंतीशी पडलेल्या बुटांकडे पाहिलं.
"पाना आण," काका आतून म्हणाला.

बाकीचे पाच खण उघडताना करकरतात.
त्सियालाच्या तळाला नमदा आहे,
आणि तिच्या पट्ट्यांवर काका दर रविवारी
चर्चमधून आणलेली अर्धी मेणबत्ती घासतो.
मला वाटायचं,
चौदाचा सारखा लागतो म्हणून.

पाइप सुटला. तिने पैसे दिले, त्याने मोजले नाहीत.
"नुगझार," ती म्हणाली, विचारल्यासारखं नाही,
आणि तो म्हणाला, "वॉशर नवा टाकलाय."

परतताना वळणांवर मागे कुणी कूस बदलली नाही.
पुढे लाकडांचा ट्रक, अगदी गोगलगाय.
मी मान बाहेर काढली. रस्ता लांबवर मोकळा.
"ये," म्हणालो.
"ये, ये."
तो ट्रकच्या मागे मागेच राहिला,
थेट घरापर्यंत.