पासाऊ, चार तास

घाटाच्या खालच्या पायरीवर बसू, इलाही,
आज पाणी शहाण्यासारखं आहे.
विचारत होतास ना, सहा महिन्यांत जर्मनी किती पाहिली?
ओतशाळा पाहिली. भट्टी, साचे, काळी वाळू.
आपल्या शिरोलीत असते तीच, फक्त झाडून ठेवलेली.
आणि एक रविवार, पासाऊ.

खिशात एकोणीस युरो.
एक युरो म्हणजे एक मिसळ, असा माझा हिशेब.
कॉफीवाल्यानं चार मिसळी सांगितल्या,
तेव्हा मी नळाला बाटली लावली.

स्टेशनात चौघं पाचवा शोधत होते.
एका तिकिटावर पाच जणांनी जायचं.
आपलं वडाप रे, फक्त टपावर कोणी नाही.
तिकिटावर नावं लिहायची:
दोन कॉलेजच्या पोरी, एक म्हातारा, एक सिरियाचा पोरगा,
शेवटी मी, सुहास व्हटकर.
टीसीनं माझं नाव तीनदा वाचलं, तीन वेगळी माणसं निघाली.

सॅक लक्ष्मीपुरीतली, जुन्या बाजारातली.
पट्टा निघाला होता, तो अण्णांनी शिवलेला,
चपलेच्या दोऱ्यानं, मेण ओढून.
सिरियाचा पोरगा त्या टाक्यावर बोट फिरवत राहिला.
त्याचे वडीलही काहीतरी शिवायचे.
काय, ते मला कळलं नाही.
त्याला पाकिटातली शेंगदाण्याची चटणी दिली.
डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. तिखटानं असेल.

तिथं तीन नद्या मिळतात.
टोकाला एक बाक आहे, फुकट.
एक हिरवट, एक मळकट निळी,
तिसरी काळी, उकळलेल्या चहापत्तीसारखी.
मिळतात, पण लगेच मिसळत नाहीत.
लांबपर्यंत आपापला रंग धरून शेजारी शेजारी चालतात,
भांडून माहेरी निघालेल्या जावांसारख्या.
म्हातारा अभिमानानं म्हणाला, तीन!
मी म्हणालो, आमच्याकडे पाच.
त्यानं नावं विचारली.
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती.
चार बोटं झाली. तो अंगठ्याकडे बघत थांबला.
सरस्वती, म्हणालो. ती दिसत नाही.
तो हसला नाही. टोपी नीट केली, एवढंच.

मोठ्या चर्चला रांग होती, मी गेलो नाही.
टाऊन हॉलच्या भिंतीपाशी उभा राहिलो.
भिंतीवर रेघा, रेघेपाशी साल,
पाणी कुठवर आलं त्याचं.
सगळ्यात वर पंधराशे एक,
त्याच्या किंचित खाली दोन हजार तेरा.
मधली पाचशे वर्षं माझ्या कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत.
लोक तिथं आइस्क्रीम खात फोटो काढत होते.
मला एकोणीसचा ऑगस्ट आठवला,
सुतारवाडा, मठातली सतरंजी,
आणि रात्रभर एकच प्रश्न:
राजाराम बंधारा किती फूट?
कुणीतरी पंचावन्न म्हणालं आणि सगळे गप्प झाले.

चार तास संपले.
उरले सहा युरो, आणि पट्टा शाबूत.

परत आलो त्या दिवशी घरात खिळा शोधला.
आईनं भिंत तीनदा रंगवलीय, रेघ कुठे होती कळत नाही.
म्हणालो, खूण करू, साल लिहू, तिकडे करतात.
आई भाकरी थापत होती.
म्हणाली, पाणी वाचतंय होय रे ते?

मला उत्तर सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही, म्हणून तर तुला इथं आणलंय.

पण परवा कपाटाचं दार उघडलं,
तर आतल्या बाजूला, अण्णांच्या चामडं आखायच्या पेन्सिलीनं
एक आडवी रेघ.
साल नाही. काहीच नाही.
माझ्या कानाच्या उंचीला.
आणि तिच्याखाली, वीतभर,
दुसरी.

ऊठ, जाऊ. डास चावायला लागले.