देव्हाऱ्यातला झिरो

पाणी उतरलं सोमवारी पहाटे.
साखळीच्या नदीचं नाव वाळवंटी,
नाव कोरडं, आणि वागणं हे असं.

भिंतीवर छातीएवढ्या उंचीला एक रेघ,
खाणीच्या तांबड्या मातीने ओढलेली,
पट्टी लावून ओढावी तशी सरळ.
रेघेखाली तीन बोर्ड:
मिक्सरचा, फ्रिजचा,
आणि माझ्या शिलाईच्या मोटरचा.
तिन्हींच्या भोकांतून
चहाच्या रंगाचं पाणी ठिबकत होतं.
फ्रिज तरंगत येऊन दाराशी आडवा,
दारू पिऊन पाहुणा उंबऱ्यात झोपावा तसा.

मी फडकं घेतलं, बादली घेतली.
सगळी आळी म्हणत होती,
खात्याने लाईट कधीच काढली,
खांबावर नाही तर घरात कुठून येणार?
मेनसुद्धा मी शनिवारीच पाडलेला,
पाणी दुसरी पायरी चढलं तेव्हा.
त्याचा मला थोडा गर्वही होता.

तेवढ्यात कुसूम वहिनी आली,
साडी गुडघ्यावर धरून, चिखल तुडवत,
आणि देव्हाऱ्यापुढे थबकली.
आत झिरोचा लाल बल्ब जळत होता.
"बघ गो," ती म्हणाली, "सगळं बुडालं,
पण देवाने आपला दिवा विझू दिला नाही."
तिचे डोळे भरले. माझेही.
आम्ही पुढे सरकलो, घोटाभर पाण्यातून,
पितळी पत्रा मारलेल्या ओल्या चौकटीला
डोकं टेकायला.

"बाये, हात लायनाका!"

इनास. अस्नोड्याचा वायरमन.
दारातच उभा, पाऊल आत न टाकता
असा ओरडला की वहिनीच्या मुठीतून साडी सुटली.
इन्व्हर्टर कुठे?
माळ्यावर.
तिथवर पाणी पोचलंच नव्हतं.
शनिवारपासून त्या कोरड्या माळ्यावर बसून बॅटरी
ओल्या भिंतींना इमानाने वीज पाजत होती,
आणि आम्ही तिच्या पाया पडायला निघालेलो.

तो मागून शिडी लावून चढला,
चार कौलं काढली, आत उतरला.
बल्ब विझला.
वहिनीच्या तोंडून 'अगो' एवढंच आलं,
कुणी गेल्यावर येतं तसं.

मग त्याने एकेक बोर्ड उघडला.
माझ्या मोटरच्या बोर्डातून
गाळाबरोबर निघाली इवलीशी गोगलगाय, जिवंत.
तिला त्याने स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकावर घेऊन
बाहेर अळवाच्या पानावर सोडलं.

"लवू नाही आला?" मी विचारलं.
पाने पकडी धरणारा पोरगा, नेहमी याच्याबरोबर असायचा.
"लवू गेला. गेल्या पावसात, उसगावला.
पंप बंद होता. बंद म्हणून हात लावला."
आणि तो तळहातावरचे स्क्रू मोजत राहिला,
सहाच होते,
पुन्हा मोजले.

जाताना म्हणाला, भिंत बाहेरून सुकते,
आतला पाइप पाणी सोडत नाही.
आठ दिवस. मोटर सुकलेली दिसली तरी
लावून बघू नको.
मी वाद घातला. चवथ तोंडावर,
अकरा ब्लाऊज बाकी, गिऱ्हाइकं रोज दारात.
"ब्लाऊज थांबतात," तो म्हणाला.

मी पट्टा काढून चाक हाताने फिरवलं,
खिडकीशी, दिवस मावळेपर्यंत.
सात झाले. चार जणी रुसल्या.
वहिनीने काही न बोलता देव्हाऱ्यात समई ठेवली.

दहाव्या दिवशी इनास आला,
हाताने फिरवायचा एक काळा डबा घेऊन.
दांडा गरागरा फिरवून काटा बघितला,
नाक खाजवलं, पुन्हा फिरवला.
"मिक्सरचा नको. बाकी लाव."

लग्नात ज्या पाटावर बसले होते
तो मी माळ्यावरून काढला.
त्यावर उभी राहिले, पायांत रबरी चपला,
हात पदराला तीनदा पुसून.
इनास हसला. "आता गरज नाही गो."
मी उतरले नाही.
एक बोट बटणावर,
आणि अंगणात आळीतली सगळी पोरं गप्प,
वहिनी सगळ्यांच्या मागे,
कान झाकून.