भिंत फोडताना

मी तिफेन, गवंडी माक्लूची बायको.
चुना कालवते. दिवसाचे सहा दनिए,
पुरुषाला बारा.
पेरांना भेगा पडल्यात, मीठ लागलं
की दहाही बोटं वेगवेगळी मोजता येतात.

मालक इटलीच्या लढाईवरून परतले
तेव्हा एका पायानं लंगडत होते
आणि खेचरावर नकाशांची पेटी होती.
सोबत बास्तियानो, तेल लावलेल्या दाढीचा.
त्यानं तटाला एक फेरी मारली,
कोळशानं आठ चौकटी आखल्या
जंग्यांवर.
इथे उजेड, म्हणाला. इथे. इथेसुद्धा.

जंगी म्हणजे बाहेरून एक चीर, तळव्याएवढी,
आतून तिरंदाज बसेल इतकी पसरट.
दीडशे वर्षं या किल्ल्यानं
नदीकडे डोळे बारीक करूनच पाहिलं.

सासरे, ओदुएँ, पायाडाखाली बसून असायचे.
मोतीबिंदू. दगड ओळखतात हातानं,
आणि टिचकी मारून, कानानं.
तरुणपणी चर्चचं पडलेलं छत त्यांनी उभं केलं होतं,
सगळ्या फासळ्या एका कळीच्या दगडावर आणून.
"टोकदार कमान उपाशी असते," ते म्हणतात,
"म्हणून जागी राहते. भार आला
की खांद्यावरून खांद्यावर
पार बाहेरच्या टेकूपर्यंत पोचवते.
तुमची ही गोल कमान
जेवून बसलेल्या सावकारासारखी."
बास्तियानोला आमची भाषा अर्धीच कळायची.
तो हसला, आणि ओळंबा सोडला.

भिंत आतून वेगळीच निघाली.
बाहेर घडीव चिरे, पोटात नुसता भराव:
गोटे, शिंपले, मेंढीचं हाड,
एक लाकडी चमचा,
जेवता जेवता कुणीतरी विसरलेला.

चौथ्या जंगीत एक चिरा सुटा झाला.
आत वळवलेल्या बाजूला खूण:
माशाचं शेपूट, वर आडवी रेघ.
माक्लूचा हातोडा हवेतच राहिला.
हीच खूण तो अजून मारतो दगडादगडावर,
शनिवारी मुकादमाला मोजून दाखवायला.

आम्ही चिरा खाली आणला.
सासऱ्यांनी अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.
"गारँ. माझ्या आजोबांचे आजोबा.
रेघ डावीकडे उतरते बघ. डावखुरे होते म्हणे."
मला वाटलं, आता रडतील.
ते म्हणाले,
"याचे पैसे मिळाले असतील ना त्यांना?"

मालकीणबाई चांगल्या. म्हणाल्या,
हा दगड खिडकीवर लावा, दर्शनी,
फुलांच्या माळेशेजारी,
गुबगुबीत गालांच्या देवदूतांखाली.
"नको," सासरे म्हणाले.
"खूण हिशेबाची असते. बघायची नसते.
तोंड आतच राहू दे."
म्हणून तो उंबऱ्याला बसवला, खिडकीच्या,
शेपूट खाली करून.
त्या दगडाला मी चुना जरा जास्तच लावला.

जानेवारीत वाऱ्यानं गाठलं.
बाईंनी आठही खिडक्यांना लोकरी पडदे ठोकायला लावले
आणि सगळं घर स्वयंपाकघरात गोळा झालं,
जिथे तेवढी एक जुनी जंगी शिल्लक होती.
सासरे खोकला येईपर्यंत हसले.
"बाण अडत होता. वारा काही अडेना."

बर्फ सरताना मी नदीवर होते,
धुण्याची फळी गुडघ्याखाली घेऊन.
वर एक पडदा हलला.
बाईंनी हात बाहेर काढला,
तळवा वर, भुरभुर थांबली का बघायला.
त्या भिंतीतून इतक्या वर्षांत
रिकामा हात बाहेर आलेला मी तरी ऐकला नव्हता.

मी ओला हात वर केला.
त्यांना दिसला की नाही, ठाऊक नाही.