ताटातलं संपवावं

दिओलिंदाच्या परसात कोबी माणसाच्या उंचीचा वाढतो.
गड्डा धरत नाही, नुसती पानं.
खालून खुडत जायची, झाड वर चढत जातं.
तिच्या भाषेत त्याला कोव्ह म्हणतात,
आणि बटाट्याला बटाटाच.

पोर्तुगालच्या ईशान्य कोपऱ्यातलं डोंगराळ गाव,
एकवीस धुराडी, त्यांतली सात पेटती.
शाळा बंद झाली, शाळेची स्वयंपाकीण घरी आली;
बत्तीस वर्षं पोरांना वाढलेले हात
या चार वाफ्यांत जुंपले गेले.
आता पंगतीला बसतात ते बिनबोलावलेले.

रात्री गोगलगायी.
त्यांच्यासाठी ती बशीत बिअर ओतून ठेवते.
शेजारचा आदेलिनो गडग्यावर कोपर टेकून म्हणतो,
"बुडून मरायची इतकी चांगली सोय
माझी कोणी करत नाही."
"तुला बशी पुरायची नाही," ती म्हणते.

मग फुलपाखरं, पांढरी, साळसूद.
पानं उलटून बघावीत तर पिवळी अंडी, दाटीवाटीने.
ती अंगठ्याने चिरडते.
रविवारी चर्चमध्ये हात जोडते
तेव्हाही अंगठा हिरवाच असतो.

चिमण्यांसाठी लक्झेंबर्गहून मुलाने सीड्या पाठवल्या,
दोऱ्याने टांगायच्या.
एकीवर त्याच्या लग्नाचे फोटो आहेत म्हणे;
हिच्याकडे बघायला यंत्र नाही.
लग्न वाऱ्यावर गरगर फिरतं,
भिंतीवर उजेडाचे तुकडे पळतात.
दोन दिवस चिमण्या बिचकल्या.
तिसऱ्या दिवशी त्याच उजेडात बसून
वाटाण्याचे कोंब खुडत होत्या.

बुजगावण्याला तिने अर्मेनियोचा टपालखात्याचा कोट घातला होता.
पाखरांना कोटाचं काही नव्हतं.
कुत्रं मात्र त्याच्या पायाशी जाऊन बसलं,
जेवायला हाक मारली तरी हललं नाही.
चौथ्या दिवशी तिने कोट उतरवला,
खिशातली माती झटकली,
कपाटात परत टांगला.

राहिला तो कस्तूर.
काळाकुळकुळीत, चोच पिवळी,
पहाटे छपरावर असा गातो
की वाटावं, याला पोटच नाही.
गाणं संपलं की थेट स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात.

तेव्हा तिने सोसायटीतून जाळं आणलं,
हिरवं, बारीक, दोन माणसांच्या पगारात बसेल असं महाग,
कडेला दगड ठेवून ताणलं
आणि त्या रात्री शांत झोपली.

सकाळी जाळ्यात तो.
एक पंख वर, मान वळलेली,
धागा पिसांत इतका रुतलेला
की कुठे जाळं संपतं, कुठे कस्तूर, कळेना.
जितका फडफडे तितका गुंते.

ती घरात गेली.
मासे साफ करायची कात्री घेऊन आली.
गुडघे दुखतात म्हणून बसली नव्हती वर्षभर जमिनीवर,
बसली.
एक धागा, दुसरा, तिसरा;
मुठीत काळीज एवढं जोरात उडत होतं
की ते त्याचं की आपलं, तिला क्षणभर समजेना.
त्याने तिच्या बोटाला कचकून चोच मारली,
एप्रनवर घाण केली
आणि गेला.

जाळ्याला वाडग्याएवढं भोक.
आदेलिनो म्हणाला, "आता उघडंच ठेवशील, बघ."
तिने दुपारी बसून ते शिवलं,
घट्ट, दुहेरी दोऱ्याने.
फक्त जाळं परत ताणताना
शेवटची ओळ बाहेर राहिली.
दगड पुरले नाहीत, म्हणाली.
मग म्हणाली, दान नाही हां, कर आहे.

आणि आज सकाळी ती चुलीवरची कॉफी तशीच टाकून
दारात उभी आहे, लाल होऊन.
कस्तूर शेवटच्या ओळीत.
या फळाला एक टोच, त्या फळाला एक टोच,
अकरा स्ट्रॉबेऱ्या, अकरा भोकं,
एकही पुरी खाल्लेली नाही.

"अरे ए!" ती ओरडते
तोच आवाज, ज्याला दोन पिढ्या टेबलावर गप्प बसल्या,
"ताटात घेतलंस ना?
मग संपव आधी!"