तळाची केबिन

मॉरीन म्हणते, उलटीच्या गोळ्या नकोत,
नदी असते ती, समुद्र नव्हे.
चार वेळा जाऊन आलीय.
कुंपणापलीकडे चादरी वाळत घालता घालता
तोंडातला चिमटा न काढता सांगते :
एक बरा झगा, एक शाल, बुटांना पकड हवी,
आणि फ्रेंच बाल्कनीला भुलू नका, कुमुद,
दार सरकवलं की समोर नुसता कठडा,
पाऊल टेकायला वीतभर जागा नाही.

आम्ही भुललो नाही. परवडली नाही.
आमची केबिन सगळ्यात खाली,
खिडकी छताला लागून, न उघडणारी.
बारीक अक्षरात छापलंय :
पाणी काचेच्या कडेपर्यंत दिसू शकते.
दिगंबर चष्मा पुसून परत वाचतो.
"म्हणजे नदीच्या पोटात झोपायचं?"
"कुशीत म्हण," मी म्हणते,
"पोटात म्हटलं की बुडाल्यासारखं वाटतं."

बॅग आठवडाभर पलंगावर आ वासून.
तो येता-जाता काहीतरी टाकतो,
मी येता-जाता काढते :
टॉर्च, नायलॉनची दोरी, बॅगच तोलायचा काटा.
गुडघ्याचा पट्टा राहू दिला.
चिवड्याचा डबा मी घातला,
तो त्यानंही काढला नाही.

मग बुधवारी निरोप आला.
डॅन्यूबला पाणी कमी आहे,
गैरसोयीबद्दल क्षमस्व,
पासाऊनंतरचे दोन दिवस कदाचित बसने.

"बसने?"
दिगंबर उभाच राहिला.
"अठ्ठावीस वर्षं चालवली की बस!
आता पैसे भरून तीच?"
मला हसू फुटलं ते आवरेना,
आणि मग तोही,
डोळे पुसत, खुर्चीची पाठ धरून.

रात्री झोप येईना तेव्हा हिशेब केला :
सेंट जॉन्सहून गावात, गावातून सेंट जॉन्सला,
दिवसाला दहा फेऱ्या धरल्या
तर साठेक हजार वेळा
त्यानं सेव्हर्नचा पूल ओलांडला असेल.
त्यातल्या काही हजार फेऱ्यांना
तिसऱ्या सीटवर मी,
इस्पितळातल्या चादरींच्या कामावर निघालेली,
मांडीवर डबा, काचेला डोकं.
नदी आली की कळायचं, घंटा दाबायची वेळ झाली.

त्याआधी वारणेकाठी
नदी घागरीपुरती.
पोरींनी पोटरीच्या वर भिजायचं नाही.
सगळं आयुष्य नदी आडवी आली, आडवी गेली.
तिच्यासोबत, तिच्या चालीनं,
एक मैलसुद्धा नाही.

आज संध्याकाळी दोघं घाटावर गेलो.
कॅथीड्रलखालच्या दरवाजाच्या भिंतीवर
जुन्या पुरांच्या रेघा आहेत, साल कोरलेली.
एक माझ्या कमरेला, एक त्याच्या टोपीच्याही वर.
सेव्हर्न भरून चाललेली,
तपकिरी, कुणाला न विचारता.
"हिच्यातलं थोडं तिकडे सोडायला हवं,"
तो म्हणाला,
स्टॉपवर उभ्या उतारूंची सोय लावावी
तसा.

मी पायऱ्या उतरत गेले.
शेवटच्या कोरड्या पायरीवर उकिडवी बसले,
हनुवटी गुडघ्याला, डोळे पाण्याच्या पातळीला.
इथून पाणी सपाट नसतं.
लहानसं कुबड काढून अंगावर येतं
आणि ऐनवेळी विचार बदलतं.
इथून हंस पांढरा नसतो फारसा.
छाती पुढे काढून येतो तेव्हा
गळ्याखाली चिखलाची रेघ दिसते,
आणि पाण्याखाली
काळा, रबरी, घाईत असलेला पाय.

"काय चाललंय?"
"केबिन बघतेय."

तो वर थांबला.
इकडेतिकडे पाहिलं, ओळखीचं कुणी नव्हतं.
कठडा धरला, बरा गुडघा आधी,
मग पट्ट्याचा,
माझ्या खांद्यावर सगळं वजन टाकत
टेकला शेजारी.
"सरक जरा. खिडकी माझीपण आहे."

हंसानं आमच्याकडे पाहिलं,
पावाची आशा सोडून दिली, निघून गेला.
आम्ही बसून राहिलो.
उठायचं कसं
ते नंतर बघू.