नऊ मिलिमीटर

अमारोच्या मनगटाला प्लास्टर आहे, सहा आठवडे.
म्हणून त्याचा स्केटबोर्ड माझ्या स्वयंपाकाच्या टेबलावर
पावाच्या टोपलीशेजारी उताणा पडलाय,
चारही चाकं वर.
खुर्चीतून तो हुकूम सोडतो :
नट डावीकडे फिरव. जोर नको. पाणी तर मुळीच नको.
मी बरं म्हणते.
वाल्पाराइसोच्या बंदरात बावीस वर्षं
मी क्रेनच्या बेअरिंगांना वंगण पाजलंय,
हे त्याला माहीत आहे. आणि नाहीही.

माझ्या क्रेनचं बेअरिंग या टेबलाएवढं असायचं.
ही आठ, शंभर पेसोच्या नाण्याएवढी.
पण खारा वारा लहान-मोठं बघत नाही :
टाचणीनं झाकण उचकटलं
तर आत तोच ओळखीचा तांबूस चुरा.
फुंकर मारत नाही मी. फुंकरीत ओल असते,
हे एका म्हाताऱ्या फोरमननं
शिव्या घालून शिकवलं होतं.
जॅमच्या बरणीत स्पिरिट, त्यात आठही जणी,
झाकण लावून खुळखुळवायचं,
मग जुन्या बनियनवर वाळत घालायचं.
तेलाचे दोन थेंब.
तिसरा थेंब धुळीला आमंत्रण देतो.

तोवर अमारोचं सुरूच :
नवी चाकं घेऊ तर नव्व्याण्णव कडकपणाची,
पांढरी, बुटकी, फाकुंदोकडे आहेत तशी.
अरे, फाकुंदो राहतो सपाटीला,
त्याच्या दारात सिमेंट आहे तव्यासारखं.
आपल्या टेकडीवर ज्यांनी दगड बसवले
त्यांच्या डोक्यात खेचरांचे नाल होते, चाकं नव्हती.
इथे हवं अठ्ठ्याहत्तरचं, मऊ,
खड्यावर चढून जाणारं.
कडक चाक खड्याशी भांडतं
आणि भांडण हरतो तो वर उभा असलेला.

तो म्हणतो, तुला काय कळतं.

मी चाक उचलते. उजेडात धरते.
तीन चाकं गोल झिजलीत, इमानदारीनं.
चौथ्याला एक चपटी जागा,
अंगठ्याच्या नखाएवढी, कड जळल्यासारखी.
अशी खूण जिन्यावरून घसरून पडत नाही.
(जिन्यावरून घसरलो, असं तो दवाखान्यात म्हणाला होता.
मीही तेच नर्सला सांगितलं.)
ही पडते बोर्ड आडवा घालून,
सगळं वजन टाचांवर देऊन,
भरधाव उतारावर, शेवटच्या क्षणी.
आणि एवढा उतार या टेकडीवर एकच आहे.
खाली जिथे बसचा रस्ता आडवा येतो.

मी काही बोलत नाही.
चपट्या जागेवरून नुसता अंगठा फिरवते,
एकदा, पुन्हा एकदा.
तो प्लास्टरवरची नावं वाचू लागतो
जणू आजच कोणी लिहिलीत.

ड्रॉवरमधून माझा व्हर्नियर काढते.
नवी होती तेव्हा साठ. आता एक्कावन्न.
नऊ मिलिमीटर कुठे गेले रे?
रस्त्यावर, म्हणतो. हळूच.
होय. बेकरीच्या वळणावर थोडे,
शाळेच्या भिंतीशी थोडे,
काही हॉर्तेन्सियाबाईंच्या दारात, त्या ओरडतात तिथे.
आणि काही, मला न सांगितलेले, तिकडे खाली.

आता बसवायची. पुढचं डावं मागे उजवीकडे,
झिजलेली बाजू आत.
नट पूर्ण आवळायचा,
मग पाव फेरा सैल सोडायचा.
इथे माझा हात जरा थांबतो.
सोडते. पाव फेरा.

बोटानं टिचकी मारली की चाक फिरतच राहतं,
चहा गाळून होईपर्यंत.

ते चपटं फेकून दे, म्हणतो, वाजेल.
नाही. मागे उजवीकडे बसवलंय तेच.
महिनाअखेरीला पगार होईल, तेव्हा बघू
कडक की मऊ, भांडू पुन्हा.
तोवर हेच राहू दे.
टप्, टप्, टप्,
दगडांवरून तू कुठून येतोयस
ते मला अंथरुणातूनही कळेल.